पत्त्यात नसलेलं घर

फ्रान्समधल्या मार्सेयच्या जुन्या बंदरामागच्या गल्लीत, केस कापायच्या दुकानाबाहेर बायकांची ही रांग लागली होती. केस मात्र कुणालाच कापायचे नव्हते. आत पडद्यामागे झेलियाबाई टॅरोचे चित्रांचे पत्ते मांडून भविष्य सांगत बसत, आणि बाहेर येणारी प्रत्येक बाई डोळे पुसत सांगे, "सगळं ओळखलं गं तिनं! तुझ्या आयुष्यात पाणी आहे म्हणाली!"

समुद्राकाठच्या गावात पाणी कुणाच्या आयुष्यात नसतं, हा प्रश्न रांगेत फक्त डेल्फीनला पडला. ती मनोविकारांची डॉक्टर. क्लेमाँसमावशीनं तिला सोबतीला ओढून आणलं होतं.

मावशीचं काम नाजूक होतं. ओनोरे मासेवाल्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं, आणि रविवारी उत्तर द्यायचं होतं. माणूस सोन्यासारखा, मावशीला मनापासून आवडलेला. तरी तिच्या तोंडून 'हो' निघेना.

पडद्याआड झेलियाबाईंनी मावशीला डाव्या हातानं पत्ते कापायला लावले आणि डोळे मिटले. "तुमचं एक माणूस दूर गेलंय..."

"माझा ओगुस्त!" विधवा मावशी नवऱ्याच्या आठवणीनं हुंदका देऊन म्हणाली.

"तुम्ही सगळ्यांचं करता, तुमचं कुणी करत नाही." मग एक पत्ता उलटून त्या दचकल्या. "अगंबाई, बुरूज! वीज पडतेय. काय दिसतं तुम्हाला?"

"घर... माझं घर पडतंय."

"तेच सांगणार होते मी! घर पडणार, बाई. सांभाळा."

मावशी पांढरीफटक होऊन बाहेर आली. "नाही म्हणून टाकते ओनोरेंना. पत्त्यांनी सांगितलं."

"पत्त्यांनी? पडद्याबाहेरून ऐकलंय मी," डेल्फीन म्हणाली. "त्या म्हणाल्या बुरूज. घर तू म्हणालीस. त्यांनी तुझंच तुला वाढलं, वर दक्षिणा घेतली."

"तुला डॉक्टरीण झाल्यापासून सगळ्यात खोटच दिसते," मावशी फणकारली. पण डेल्फीननं तिला हाताला धरून कोपऱ्यावरच्या कॅफेत नेलं. तिथं ओनोरे आणि बार्नाबे चांभार टॅरोचा डाव मांडून बसले होते. टॅरो हे मुळात खेळायचे पत्ते, हे त्या गल्लीत दुपारी डाव मांडणाऱ्या म्हाताऱ्यांनाच तेवढं आठवत असे. त्यांच्या पत्त्यांवर ना वीज, ना यमदूत. नाच, सहली, बाजार अशी साधी चित्रं.

"काका, एक पत्ता द्या," डेल्फीन बार्नाबेला म्हणाली.

"हुकमाचा नको हं नेऊस, पहिल्यांदाच हात चांगला आलाय!" बार्नाबे ओरडला. डेल्फीननं हुकमाचाच नेला. त्यावर एक जोडपं नाचत होतं.

"काय दिसतं?" तिनं मावशीला विचारलं.

"नाचतेय बया," मावशी म्हणाली. "आणि घराला कुलूप. मागं कोण बघणार घराकडं?"

बार्नाबेनं मान वाकडी केली. "मला तर तिचे बूट तंग दिसतात."

"तो बिचारा घाबरलाय," ओनोरे हळूच म्हणाला. "तिच्या पायावर पाय पडेल म्हणून."

सगळे हसले. डेल्फीननं पत्ता मावशीच्या हातात दिला. "मावशी, यात घर कुठं आहे?"

मावशीनं पत्ता उजेडात धरला, उलटा केला. घर नव्हतं. कुलूपही नव्हतं. मग मनात इतके दिवस अडकलेलं एकदम ओठांवर आलं.

"मला लग्नाची भीती नाही वाटत, ओनोरे. ओगुस्तचं घर सोडायची वाटते. त्याचा पाईप अजून खिडकीत आहे."

"पण घर सोडा म्हणालं कोण?" ओनोरे चक्रावला. "माझ्या खोलीत मांजरं सोडून कुणाला राहता येत नाही. मीच येणार होतो तुमच्याकडं. पाईप राहू दे तिथंच."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मावशी डोळे पुसत हसली आणि रविवारची वाट न बघता 'हो' म्हणाली.

झेलियाबाई आता सांगत फिरतात की बुरूज म्हणजे एकटेपणाचा बुरूज, तो पडणार हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. मावशी वाद घालत नाही. दुकानाबाहेर रांग दिसली की मात्र थांबते.

"बायांनो, पत्ते घरीही असतात. एक उचला, काय दिसतं ते मोठ्यानं सांगा आणि ऐकायला एक शहाणं माणूस बसवा. उद्या काय होणार ते कागदाला कळत नाही. आपल्याला कशाची भीती वाटते ते आपल्याला कळतं. आणि एकदा कळलं की ज्याला विचारायचं, त्यालाच जाऊन विचारा."