डावी मूठ अडतीस

"अगं, मी डावी मूठ जाड करायला सांगितली. तू तर दोन्ही फुगवल्यास!" बाईंचे थोरले भाऊ कम्प्युटरवरच्या चित्राकडे बघत खुर्चीतून ओरडले.

"मी नाही रे दादा, उजवी आपली आपण फुगतेय!"

बाई आमच्या वर्कशॉपच्या ड्राफ्ट्समन. तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढलेली, कम्प्युटरवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. मी लेथवाला, त्यांच्यामागे उभं राहून चहा पिणं हे माझं जोडकाम. आजारपणानंतर दादांच्या डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. वॉकरची डावी मूठ बत्तीसची अडतीस मिलीमीटर करायची, एवढंच काम होतं.

मालक डोकावले. "बाई, दुपारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर यापुढे ड्रॉइंग बाहेरूनच करून घेऊ."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांची खुर्चीच पणाला लागली होती.

"रेघांना एकमेकींशी बांधणाऱ्या त्या सगळ्या अटी पुसून टाका की," मी अक्कल पाजळली. बाईंनी पुसल्या, एक रेघ ओढली आणि स्क्रीनवरचा अख्खा वॉकर आडवा झाला.

"हे मला धरणार की मी ह्याला?" दादा म्हणाले. बाई खो खो हसल्या आणि सगळं पूर्ववत केलं.

मग त्यांनी चित्र मोठं करून अटींची एकेक खूण तपासली. ही रेघ सरळ ठेवणारी, ही दोन दांडे समांतर ठेवणारी. दोन मुठींच्या वर्तुळांपाशी बरोबरचं चिन्ह होतं.

"हे मीच लावलंय," बाई ओशाळल्या. "जोडी म्हटली की सारखीच काढायची, हातालाच सवय."

"माझे हात कुठे आता सारखे राहिलेत?" दादा सहज म्हणाले.

बाई पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. मग त्यांनी तेवढं एकच चिन्ह पुसलं. उजवं वर्तुळ निळं झालं, म्हणजे मोकळं सुटलं. त्याला बत्तीस दिले, डाव्याला अडतीस. सगळ्या रेघा काळ्या झाल्या, म्हणजे मापात पक्क्या बसल्या.

"काळं झालं! काळं झालं!" बाई टाळ्या पिटत ओरडल्या. काळं झालं म्हणून इतका आनंद आमच्याच धंद्यात होत असेल. मीही ओरडलो, उगाच मागे कशाला राहा.

मी लगेच नायलॉनच्या मुठी कातून बसवल्या. मालकांनी त्या दाबून पाहिल्या आणि पुढच्या कामाचे कागद बाईंच्या टेबलावर ठेवले.

दादा उठले. डाव्या हाताची बोटं मुठीवर नीट बसली. बाई सावरायला पुढे झाल्या.

"हात नको गं."

दादा एकटेच फाटकाकडे निघाले. बाई दारातच थांबल्या आणि पुढे झालेले दोन्ही हात त्यांनी हळूच ॲप्रनच्या खिशात घातले.