लोरेटाच्या काचेवरचा पिवळा कागद

कोल्टर फेरी या गावाच्या व्यापारी मंडळाला एक जुनी खोड होती. निवडणुकीत लोकांनी थेट मत द्यावं म्हणून राज्याच्या मतपत्रिकेवर जे प्रस्ताव येत, त्यांवर मंडळ आपला कौल ठरवायचं आणि तो पिवळ्या कागदावर छापून सभासदांच्या दुकानांच्या काचांवर लावायचं. पण कौलाआधी प्रस्तावाची बाजू मांडायची, ती ज्याला तो सगळ्यात नकोसा असेल त्याने. बियाणेवाल्या गसने एकदा ही वकिली दोन वाक्यांत उरकली, तर वर्षभर कॉफीबरोबर त्याला टोमणेच प्यावे लागले.

यंदा पाळी लोरेटा क्वामवर आली, आणि मंडळाचा अध्यक्ष, टायरवाला रस टिलटसन, याला ते बघवेना. प्रस्ताव क्रमांक नऊ म्हणत होता, मोटेलच्या खोल्यांवर दोन टक्के जादा कर बसवा आणि तो खेड्यापाड्यांतल्या आगीच्या बंबांना द्या. लोरेटाचं मोटेल चौदा खोल्यांचं. नवरा गेल्यापासून चादरीही तीच बदलायची. नदीवरचा पूल ओलांडला की शेजारचं आयडाहो राज्य, तिथे हा कर नाही. आणि मासे धरायला येणारी मंडळी चार डॉलर वाचत असतील तर पोहूनसुद्धा पलीकडे जातील. त्यात गाव मंडळाचा कागद वाचूनच मत टाकायचं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला डायनरमध्ये, म्हणजे गावातल्या न्याहारीच्या खाणावळीत, मंडळाचे नऊच्या नऊ जण जमले. रसने तिला बाजूला घेतलं. तुझ्याऐवजी मी बोलतो, म्हणाला, कोणी काही म्हणणार नाही.

"तुला टायरखेरीज कशातलं कळतं रे?" म्हणत तिने पिशवीतून प्रस्तावाची बावीस पानं काढली. प्रत्येक पानावर तिच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पैसा कोणाला मिळणार, कधी मिळणार, त्यावर नजर कोण ठेवणार, सगळं तिने न अडखळता सांगितलं. तिथेच थांबली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

"गेल्या ऑगस्टमध्ये माझी सात नंबरची खोली पेटली," ती म्हणाली. "बंब यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर पाण्याचा पाइप मी धरला, आणि आतल्या म्हातारबाईंना या गसने पाठुंगळी बाहेर आणलं. त्या पाहुण्या होत्या. पाहुण्यांनाही बंब लागतोच की. मग दोन टक्के त्यांनी दिले तर बिघडलं कुठे?"

पाठिंब्याला सहा हात लागत. पाच वर गेले. तिच्यासाठी विरोध करायचा असं ठरवून आलेल्या गसने पॅनकेकची ताटली बाजूला सारली, आणि सहावा हात त्याचाच वर गेला. दोघांनी हात टेबलावरच ठेवले; विरोधात एकट्या लोरेटाचा हात, ताठ.

"अगं, आम्हाला पटवलंस तूच," रस म्हणाला.

"ती वकिली होती. मत माझं आहे."

शुक्रवारी रस कागद वाटत निघाला. मोटेल त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं. तुझ्या काचेला सूट देऊ, असं तो पुटपुटला. लोरेटाने कागद त्याच्या हातून घेतला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावून सरळ चिकटवला, आणि खाली स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी लावली: "मालकिणीचं मत याच्या विरुद्ध आहे. का ते आत येऊन विचारा. कॉफी तयार आहे."

रस आत डोकावला. गस आधीच टोपी मांडीवर घेऊन बसला होता, कप अर्धा झालेला.

"मी चुकलो असं म्हणायला नाही आलो," गस म्हणाला. "पण तुझी बाजू कोणी मांडलीच नाही. सांग, पहिल्यापासून."

रसने हातातले जादा कागद खिडकीत ठेवले आणि खुर्ची ओढली.