वाकडी सही असलेला करारनामा

मी एक जुना करारनामा आहे. दोन पानं, डाव्या कोपऱ्यात गंजलेली टाचणी, सात कलमं आणि चार सह्या. त्यातल्या तीन सह्या सरळ आहेत. चौथी इतकी वाकडी आहे की बघणाऱ्याला वाटावं, धावत्या गाडीत बसून केली असेल. मित्रांनो, माझ्या अख्ख्या अंगावर मला तीच सही सर्वांत जास्त आवडते. का ते सांगतोच, जरा धीर धरा.

माझं काम म्हणजे गुपित राखणं. कपड्याची नवी कल्पना ज्याच्या डोक्यात आली तो माणूस, आणि तो कपडा शिवून देणारा कारखाना, या दोघांच्या मध्ये मी बसतो. शिवायला द्यायचं तर दाखवावं लागतं, आणि दाखवलं की कुणीतरी पळवेल ही भीती. त्या भीतीवर माणसांनी काढलेला उपाय म्हणजे मी. माझी मुदत पाच वर्षांची होती. ती संपून सहा वर्षं झाली, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. नाहीतर तुम्ही कितीही गळ घातली असती तरी मी एक अक्षर काढलं नसतं!

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. भोवती तिघं बसले होते: ताई, तिचे बाबा आणि तिचा मामा. ताई कपड्यांची डिझाइनं करायची. मामा आयुष्यभर वकिलाच्या कचेरीत कारकून होता. त्याला कागदाची एवढी सवय की वाणसामानाची यादीसुद्धा तो कलमं घालून लिहायचा.

बाबांचा उजवा हात आजारपणानंतर लुळा पडला होता. कोट घालायचा तर बटणं ताईला लावून द्यावी लागत. एकदा दारात पाहुणे उभे असताना ती बटणं लावायला लागली. बाबा म्हणाले, "राहू दे. मला काही कुठे जायचं नाही." आणि खरंच, त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. हे ताईच्या जिव्हारी लागलं. आठ महिने खपून तिने आधी स्वतःच्या मापाचं एक नमुन्याचं जॅकेट तयार केलं. एका हाताने, कुणाच्याही मदतीशिवाय ते घालता येई आणि बंदही करता येई. एका मोठ्या दुकानाने ते मागितलं, पण अट घातली: त्यांच्याआधी असं जॅकेट बाजारात दुसरीकडे कुठेही दिसता कामा नये. दिसलं तर मागणी रद्द.

आता यात गंमत अशी की ताईने आधी एकदा मार खाल्ला होता. दोन वर्षांपूर्वी तिने एक फ्रॉक नुसत्या विश्वासावर एका कारखान्यात दाखवला, आणि तिचा फ्रॉक शिवून होण्याआधीच तो तीन दुकानांच्या काचेत झळकला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून या खेपेला मामाला बोलावलं होतं.

"लिही, सगळं गुपित," ताई म्हणाली.

"अगं, सगळं गुपित म्हटलं की काहीच गुपित राहत नाही," मामा म्हणाला. "नेमकं काय झाकायचंय ते सांग."

ताई बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "पुढची पट्टी. जॅकेट बंद होतं ते तिच्यामुळे. बाकीचं कुणीही शिवेल."

मग मामाने कलम तीन लिहिलं: पट्टीचा पॅटर्न, म्हणजे तिचा कापायचा आकार, बाकीच्या भागांच्या कागदावर कधीही काढायचा नाही. तो ताईकडेच राहील. ती रोज घेऊन येईल, तिच्यासमोर पट्ट्या कापायच्या, आणि ती परत घेऊन जाईल. मामाने चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मला त्याच क्षणी कळलं की मी काही असातसा कागद नाही.

साक्षीदार दोन लागत होते. एक मामा. दुसरे बाबा व्हावेत असं ताईच्या मनात होतं. तिने पेन पुढे केलं, पण बाबांनी मान फिरवली. "मला आता सही येत नाही. दुसरं कुणी बघा." मामा म्हणाला, "राहू दे रिकामी जागा. आत्ता काही अडत नाही." ती रिकामी ओळ अंगावर घेऊनच मी कारखान्यात गेलो.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. चौदा शिलाई मशीन, मधोमध कापड कापायचं टेबल, आणि सगळीकडे दोऱ्यांची कसपटं. मालकांनी मला वाचलंसुद्धा नाही. दोन बोटांनी परत सरकवलं.

"एकवीस वर्षं या धंद्यात आहे मी. माझा शब्द म्हणजे शब्द! कागद आणलात, म्हणजे मी काय चोर आहे?"

ताईचा चेहरा उतरला. माझ्याही अंगाचा तिळपापड झाला, पण कागदाने करायचं काय? तेवढ्यात मालकीणबाईंनी मला उचललं. त्या काजं-बटणांचं काम बघत, आणि हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नसत.

"अहो, सातवं कलम वाचा. तुमच्या टोपीखालचं गुपितही घातलंय त्यांनी!"

हे टोपीचं काय, तर मालकांनी पत्रा वाकवून मशीनला लावायची एक युक्ती केली होती. तिच्यामुळे कापडाची घडी आपोआप सुबक पडे. परका माणूस आत आला की मालक पटकन डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर टाकत. करार लिहिण्याआधी ताई चौकशीला येऊन गेली होती, तेव्हाच तिने हे पाहिलं होतं. कलम सातमध्ये तिने लिहून दिलं होतं की त्या युक्तीबद्दल आपण कुठेही बोलणार नाही. त्या कलमाला मुदत नाही, तेव्हा पत्रा कसा वाकवलाय ते मी तुम्हालाही सांगणार नाही. उगाच विचारू नका.

मालकांनी कलम दोनदा वाचलं. टोपी काढली, पुन्हा घातली. मग हसू मिशीत दाबत म्हणाले, "द्या पेन." अशी माझ्यावर तिसरी सही झाली.

त्या दिवशी माझा काय तोरा होता म्हणून सांगू! पण कौतुक तेवढंच. सही सुकली आणि मालकांनी मला टेबलाच्या खणात टाकलं. तिथे मोडक्या सुया, खडूचे तुकडे आणि कधीचा एक बिस्किटाचा रिकामा पुडा होता. मी बिस्किटाच्या पुड्याखाली! वरून मात्र सगळं ऐकू यायचं. ताई रोज यायची, पिशवीतून पट्टीचा पॅटर्न काढायची, पट्ट्या कापून झाल्या की परत न्यायची. कापड कापणारे मास्तर कुरकुरायचे, "रोज एवढासा तुकडा आणायचा नि न्यायचा! काय खूळ आहे!"

मास्तर माणूस लाख मोलाचा. कात्री चालवायला लागले की कापड सुटत जाताना बघत राहावं. पण त्यांना एक खोड होती. कागद वाया घालवणं त्यांना पाप वाटे. बिघडलेले पॅटर्न ते टेबलाखाली रचून ठेवत आणि पार्सलं बांधायला वापरत. वर्षानुवर्षांची सवय. ताईच्या जॅकेटचा पहिला मोठा कागद त्यांच्याकडून बिघडला, बाही दोन बोटं आखूड आली. त्यांनी दुसरा काढला आणि पहिला टेबलाखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात एप्रनचं पार्सल बांधून गेलंसुद्धा, एका दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे! त्या दुकानदारांना सगळे चष्मेवाले म्हणत, कारण एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर असे.

माझं कलम पाच स्पष्ट सांगत होतं की बिघडलेला कागदही ताईला परत द्यायचा. पण मी खणात आणि मास्तर टेबलाशी! सही मालकांनी केली होती, आणि ज्याच्या हातून काम व्हायचं त्याला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पार्सलासाठी कागद शोधायला वाकले आणि ताईच्या जॅकेटचा कागद बाहेर गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच मालकांपुढे जाऊन उभे राहिले आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं.

मालक खालच्या आवाजात म्हणाले, "गप्प बसू. पार्सल सुटलं असेल, कागद फेकला असेल. कुणाला कळतंय?"

मालकीणबाईंनी खण उघडला. बिस्किटाचा पुडा बाजूला केला, मला बाहेर काढलं आणि सहावं कलम मोठ्याने वाचलं. चूक लक्षात आल्यापासून एका दिवसाच्या आत समोरच्याला कळवावी.

"सांगितलं तर ती काम काढून घेईल," मालक म्हणाले.

"माझा शब्द म्हणजे शब्द, असं तुम्हीच म्हणता ना? हा बघा तुमचा शब्द. खाली सहीसुद्धा तुमचीच आहे."

मालकांनी आपल्या सहीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी फोन उचलला.

ताई अर्ध्या तासात आली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाबा रोज विचारतात, जॅकेट कधी होणार. दिवाणखान्याच्या दारापर्यंत येतात हल्ली." मास्तरांनी डोळे पुसले. मग तिने मला पिशवीत घातलं आणि चौघं मिळून चष्मेवाल्यांच्या दुकानात गेली.

खरं सांगतो, मित्रांनो, एरवी मी स्वतःबद्दल कमी बोलत नाही, पण तिथे माझा काही जोर नव्हता. चष्मेवाल्यांची सही माझ्यावर नव्हती, आणि ज्याची सही नाही त्याला मी बांधू शकत नाही. तिथे खरं बोलणं एवढाच मार्ग होता. मालकांनी टोपी काढली आणि काही न लपवता झालेली चूक सांगितली.

"तो कागद होय?" चष्मेवाले म्हणाले. "आमच्या शिंप्याने कालच भिंतीला लावलाय."

ताईने पिशवी छातीशी घट्ट धरली. तेवढ्यात आतून शिंपी डोकं खाजवत बाहेर आला. "शेठ, काल दुपारपासून बघतोय. याला ना बटण, ना चेन, ना नाडी! हा कोट बंद तरी कसा होतो?"

पट्टीचा पॅटर्न पिशवीत माझ्या शेजारीच होता. मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं आणि इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं, "खूळ नव्हतं ते." कलम तीन, मित्रांनो! माझ्याच पोटातलं!

चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला आणि ताईकडे नीट पाहिलं. "उद्या माझ्या थोरल्या भावाला दाखवणार होतो. तो मुरलेला शिंपी. त्याने ओळखलंच असतं. बरं झालं आज आलात." त्यांनी कागद भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला. "मला आपले एप्रन बरे. पण मास्तर, पार्सल दुसऱ्या कशाततरी बांधत जा की हो!"

ताईने काम काढून घेतलं नाही. "चूक सगळ्यांकडूनच होते," ती मालकांना म्हणाली. "तुम्ही सांगितलीत, म्हणून तुमच्याकडेच शिवणार."

पुढच्या आठवड्यात पहिली जॅकेटं तयार झाली आणि बाबा कारखान्यात आले. घरून अंगात नुसता सदरा घालून आले होते. मास्तरांनी जॅकेट त्यांच्या हातात दिलं आणि सगळे मुद्दाम दोन पावलं मागे सरले. बाबांनी आधी लुळा हात बाहीत घातला, मग चांगला. कॉलर नीट केली, पट्टीचं टोक धरून एकदाच खाली ओढलं. टप, टप, टप! आत शिवलेले चपटे लोहचुंबक एकामागून एक बसत गेले आणि जॅकेट गळ्यापासून कमरेपर्यंत बंद झालं. चौदाच्या चौदा मशीन थांबल्या होत्या. ताई रडत होती, आणि तिने ते लपवलंही नाही.

टेबलावर मी उघडा होतो. मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात माझ्यावर एक ओळ वाढवली होती: बिघडलेल्या पॅटर्नमध्ये पार्सल बांधणार नाही. ताईने आणि मालकांनी तिच्याखाली आपापली आद्याक्षरं घातली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "पण साक्षीदाराची एक जागा अजून रिकामीच आहे."

"पेन द्या," बाबा म्हणाले.

मालकांनी घाईघाईने शाईचं पॅड पुढे केलं. "अंगठा चालेल, काका."

"अंगठा कशाला? डावा हात आहे की!"

ती सही व्हायला बराच वेळ लागला. पेन दोनदा घसरलं. कुणीही मदतीला हात पुढे केला नाही, आणि मी जन्मात एवढा ताठ पडून राहिलो नव्हतो.

तेव्हापासून मी खणात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मास्तरांनी मला टेबलाशेजारच्या खिळ्याला लावलं. तिथे मी सगळ्यांत जुना. नवं काम आलं की नवा करार होतो, आणि मास्तर तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. मित्रांनो, तुम्हीही कधी कागदावर सही कराल. करण्याआधी वाचा. केल्यावर माझ्या भावंडांना बिस्किटाच्या पुड्याखाली कोंबू नका, ज्यांच्या हातून काम व्हायचं त्यांना वाचून दाखवा. आणि कुणी विश्वासाने तुम्हाला काही दाखवलं, तर ते आपलं समजून जपा. चुकून निसटलंच, तर त्याच दिवशी जाऊन सांगा.

बाबा अजूनही येतात, एकटे, चालत. परवा माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मास्तर, आता माझी डावी सही अगदी सरळ येते. ही वाकडी काढून चांगली करून देऊ का?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "छे, छे! करारात खाडाखोड चालत नाही, काका."

बाबा हसले, जॅकेटची पट्टी ओढून घेतली आणि आपले आपण घरी गेले.