गोळाफेकवालीचा कोट

मी एक जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही आहे. हल्लीचे टीव्ही पाटीसारखे सपाट असतात, मला उचलायला मात्र दोन माणसं लागतात. नवा होतो तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती, की लोक माझ्यात बघून केस सारखे करायचे. पुढे शिवणकारखान्याच्या मास्तरांनी मला विकत घेतलं. तेरा वर्षं मी तिथल्या फळीवर बसून, मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बातम्या सांगितल्या, सामने दाखवले. मग माझे रंग फिके पडले. माझ्या डोक्यावर कापडाचे गठ्ठे येऊन बसले. मी टीव्ही कमी आणि मांडणी जास्त झालो.

पण मित्रांनो, ती एक दुपार मी विसरूच शकत नाही!

त्या वर्षी जगभरातल्या खेळाडूंची मोठी स्पर्धा होती आणि आपल्या संघाचे कोट शिवायचं काम आमच्याकडे आलं होतं. उद्घाटनाला झेंडा धरणार होती एक गोळाफेकपटू. तिच्या मापाचा कागद पाहून मावशींनी नाक मुरडलं. मावशी म्हणजे कारखान्यातल्या सर्वांत जुन्या कारागीर.

"गोळा फेकणारीचा दंड एवढासा असतो होय? हात वर केला की काखेत टर्रकन फाटेल."

"आलंय ते माप. सूतभरही बदलायचं नाही," मास्तर म्हणाले.

विषय तिथेच संपला. कोट गेले.

सोहळ्याच्या दुपारी सगळ्या मशीन बंद झाल्या. बायका स्टुलांवर, कापडाच्या ताग्यांवर, मिळेल तिथे बसल्या. माझ्या पडद्यावर रोषणाई झाली, ढोल वाजले, शेकडो नर्तक एका तालात वळले. एकेका देशाचा संघ मैदानात येऊ लागला. माझा ऊर नुसता भरून आला होता! किती वर्षांनी इतके डोळे माझ्याकडे लागले होते!

"पुढचे आपलेच!" कुणीतरी ओरडलं.

आणि नेमकं तेव्हाच माझं चित्र गेलं. आवाज होता, पडदा काळा. मास्तरांनी माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. मग दुसरी. मित्रांनो, मी जिवाचं रान करत होतो, पण आतून भाजून निघालो होतो.

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अहो, मारता काय? तापलाय तो. गठ्ठ्यांनी श्वास कोंडलाय त्याचा."

भराभर गठ्ठे उतरले. दोघींनी पुठ्ठे घेऊन मला वारा घातला. निवेदक आपल्या देशाचं नाव घेत होता. मी थरथरलो, लुकलुकलो आणि चित्र आलं! झेंडा खांद्याशी धरून ती चालत होती. कोट अंगावर छान बसला होता. तरी मास्तरांच्या कपाळावर घाम होता.

"आता ती हात वर करणार," ते पुटपुटले. "मावशी, उसवला तर?"

"नाही उसवणार. काखेत जादा कापडाची पट्टी घातलीय मी."

"कधी?"

"तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घालू दिली असती?"

मास्तर काही बोलणार, तोच तिने झेंडा एका हाताने उंच केला. अगदी उंच! शिवण जागची हलली नाही. कारखान्यात असा जल्लोष झाला की बटणांचा डबा लवंडला. मास्तर गुडघ्यांवर बसून बटणं वेचत हसत होते. "पुढच्या वेळी माप घ्यायला तुम्हीच जा, मावशी," ते म्हणाले.

आता तिथे नवा टीव्ही आहे आणि मला मावशींनी घरी नेलं आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं जुनं यंत्र असेल. ते अडलं, तर लगेच थापड मारू नका. आधी हात लावून बघा, तापलं आहे का.