विंगेतून शब्द आलाच नाही

मी जे केलं ते मुद्दाम केलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर सगळे म्हणत होते, पोर घाबरली असेल, पान उलटायचं राहिलं असेल, दिवा गेला असेल. काहीही नाही! पान उघडं होतं, दिवा चालू होता, आणि मी बीजगणिताच्या पेपरला कधी नसते इतकी शांत होते.

माझा मामा नट आहे. साडेचारशे प्रयोग तो एकाच नाटकात शिंप्याचं काम करत होता. सात वर्षं परगावी राहून परत आलेला शिंपी दुसऱ्या अंकात नायिकेपुढे पाच मिनिटं प्रेमाची कबुली देतो आणि सगळं थिएटर नाक ओढायला लागतं. त्या नाटकाची मी प्रॉम्प्टर. आधीच्या प्रॉम्प्टर आजोबांनी नवी कवळी बसवली आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर शिट्टी वाजायला लागली, म्हणून शनिवार-रविवारच्या दुपारच्या प्रयोगांना मामानं मला विंगेत उभं केलं. तोवर शाळेत धडा मोठ्यानं वाचायला सांगितला की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. विंगेत कळलं की माझी कुजबूज बाणासारखी जाते, बरोबर नटाच्या कानात. पहिल्या रांगेला पत्तासुद्धा लागत नाही. मग वर्गातही माझा आवाज फुटला. आता बाईच हात जोडून गप्प बस म्हणतात.

नियम एकच. नट अडला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द द्यायचे. मामाला मी कधी एक अक्षरही दिलं नाही, द्यावं लागलंच नाही.

आता खलनायक. नाटकात मामाच्या धाकट्या भावाचं काम करणारा नट. फोटोला उभा राहिला की तो टेबलाच्या अर्धवट ओढलेल्या खणासारखा जबडा पुढे काढतो, म्हणून आमच्या घरात त्याला जबडाच म्हणतात.

मामाच्या घरी चष्मेकाका राहतात. सहा वर्षं झाली. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि ते मामाचे कोण, हे आमच्यात कोणाला समजावून सांगावं लागलेलं नाही. त्या दोघांचं भांडण झालं की माझी आई फोनवर म्हणते, "तुमच्या संसारात मला ओढू नका रे!" चष्मेकाकांच्याही आधी मामाचं नायिकेचं काम करणाऱ्या ताईशी लग्न ठरलं होतं. ते मोडलं, पण मैत्री राहिली. मी एकदा मामाला विचारलं, "मग ताईवरचं प्रेम खोटं होतं का रे?"

"छे गं. तेही खरं, हेही खरं. माझं मन जरा ऐसपैस आहे, एवढंच."

मामाच्या वाढदिवसाला जबडा त्यांच्या घरी जेवला. दोनदा वाढून घेतलं. मामा आणि चष्मेकाका कपाळाला कपाळ लावून हसत होते, तो फोटो त्यानंच काढला. आणि तोच फोटो त्यानं पडद्यामागच्या भानगडी दाखवणाऱ्या एका चॅनेलला दिला. वर मुलाखतीला बसला. चेहरा असा, की जणू घरातलं कोणी गेलंय.

"तो मला मोठ्या भावासारखा आहे हो. पण प्रेक्षकांना फसवणं बरं नाही. नायिकेकडे बघताना त्याच्या डोळ्यांत काहीच नसतं, ते आम्हाला जवळून दिसायचं."

काहीच नसतं! साडेचारशे प्रयोग!

मग सुरू झालं. शाळेत एकीनं मला विचारलं, "तुझा मामा नायिकेला मिठी मारतो तेव्हा त्याला कसं गं वाटतं?" मी म्हटलं, "मागच्या नाटकात तो विष प्यायला होता, तेव्हा त्याच्या तेराव्याला आली होतीस का?" वर्ग हसला, मी नाही. दर थंडीत मामासाठी मफलर विणून आणणाऱ्या एक बाई होत्या. त्या तिकीट खिडकीशी येऊन म्हणाल्या, "आमचे मफलर परत द्या. आम्ही वेगळ्या माणसासाठी विणले होते." मामानं तिन्ही मफलर धुवून, घड्या घालून स्वतः नेऊन दिले. त्या घड्या घालताना त्याचे हात मी बघितले. त्याच दिवशी मी ठरवलं की याचं उट्टं काढायचं.

निर्माते मेकअपच्या खोलीत आले, तेव्हा मी तिथंच कोपऱ्यात वह्यांना कव्हर घालत होते.

"माझं काही नाही हं," निर्माते म्हणाले. "मी खुल्या मनाचा माणूस आहे. पण लोक..."

"लोक काय म्हणतात?"

"लोकांना तू प्रियकर म्हणून पटेनास. बुकिंग बघ. तू आता शिंप्याच्या बापाचं काम कर. मान आहे त्या कामाला. म्हाताऱ्याचं कोणावर प्रेम आहे, हे कोण विचारायला जातंय?"

बापाचं काम म्हणजे दोन अंक खुर्चीत बसायचं, काठी धरायची आणि एकंदर तीन वाक्यं बोलायची. शिंप्याचं काम अर्थातच जबड्याला. चष्मेकाका म्हणाले, सोडून दे. आई म्हणाली, तोंडावर फेक त्यांच्या. मामा म्हणाला, "एकदा स्टेजवरून उतरलो ना, तर परत कोणी चढू देणार नाही." आणि त्यानं केसांना पांढरा रंग लावायला घेतला. मला कळत होतं, हा बाप झाला तर कायमचा बापच राहणार. यापुढे त्याला म्हातारे मिळतील, नाहीतर हसं करायची सोंगं. प्रेम करायचं काम पुन्हा नाही.

जबड्याला पाठांतर करायला आठ दिवस मिळाले. तो त्यातले सात सत्कार घेत फिरला. धाकट्या भावाचं काम त्यानं असंच रेटलं होतं, अडला की विंगेकडे कान. आता तर प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द मीच द्यायचे. त्याला वाटत होतं, विंगेत एक आवाज असतो, नळाला पाणी असतं तसा. त्या आवाजाला मामा असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं! पहिल्या प्रयोगाआधी मला म्हणाला, "ए पोरी, जरा मोठ्यानं दे. आणि चहा सांग."

मी चहा सांगितला. साखर जास्त घालून. सुडाची घाई करायची नसते.

तीन प्रयोग मी त्याला इमानदारीनं भरवलं. तो फुगत गेला. चौथा प्रयोग रविवारी दुपारचा, हाउसफुल्ल, आणि पहिल्या रांगेत तेच चॅनेलवाले कॅमेरा घेऊन. दुसरा अंक. मशीन, कात्री, नायिका खिडकीशी, मामा खुर्चीत. जबडा पुढे आला, हात पसरले आणि म्हणाला, "मी तुला..."

आणि माझ्याकडे कान केला.

मी ओठ मिटले.

"मी तुला..." तो परत म्हणाला. एक पाऊल विंगेकडे सरकला. मी त्याच्याकडे बघून हसले. गोड.

"मी तुला," तिसऱ्यांदा. मागून कोणीतरी ओरडलं, "काय? उसने मागतोस काय?" थिएटर फुटलं. जबड्याच्या कपाळावरून मेकअप ओघळायला लागला. खणासारखा जबडा आता खरंच उघडा पडला होता, आतमध्ये काहीही नाही. मला इतका आनंद झाला, इतका, की मी संहिता छातीशी धरून टाचांवर उड्या मारत होते. डोळ्यांत काही नसतं म्हणे! आता तुझ्या तोंडात बघ काय आहे ते!

तेवढ्यात मामानं माझ्याकडे बघितलं. खुर्चीतून, मान न वळवता. दे, असं ते बघणं होतं. मी मान हलवली, नाही. त्यानं पुन्हा बघितलं. मी पुन्हा नाही. विंगेत उभी राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी त्याचं ऐकलं नाही.

मामानं काठी आपटली. हसू थांबलं.

"नाही जमायचं त्याला, पोरी," म्हातारा नायिकेला म्हणाला. हे वाक्य नाटकात नाही. "आमच्या घरातल्या पुरुषांची दातखीळच बसते. ये इथं. त्याला काय म्हणायचंय, ते मी सांगतो."

ताई खिडकीपासून आली आणि त्याच्या पायांशी बसली. मामानं आवाज चढवला नाही. म्हाताऱ्याच्याच खरखरीत आवाजात तो ते सगळं बोलला. "सात वर्षं यानं परक्या गावाचे कपडे शिवले. बाही शिवताना तुझा हात आठवायचा. म्हणून त्या गावातल्या सगळ्या बाह्या दोन बोटं आखूड झाल्या. गिऱ्हाइकं भांडायची. हा म्हणायचा, माप बरोबर आहे, माणूस चुकलंय." ताई खरंच रडत होती. जबडा मध्ये उभा, खुंटीवरच्या कोटासारखा. थिएटरमध्ये खोकला नाही, खुर्ची वाजली नाही. मीसुद्धा उड्या मारायची थांबले.

आणि मग टाळ्या. चॅनेलवाल्यांचा कॅमेरा चालू होता, ते त्यांच्याही हाताबाहेर गेलं. संध्याकाळपर्यंत गावभर तेच. एका बाजूला "मी तुला, मी तुला," दुसऱ्या बाजूला म्हातारा. जबड्याला लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "काय रे, किती हवेत?" ते ऐकून मी पलंगावर लोळण घेतली.

पण त्याआधी, पडदा पडल्या पडल्या मेकअपच्या खोलीत, मामा हसला नव्हता. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या क्रीमनं पुसता पुसता म्हणाला, "तू मुद्दाम केलंस."

"हो."

"अडलेल्याला शब्द द्यायचा, यासाठी तिथं माणूस ठेवलेला असतो. तो कोणीही असो."

"त्यानं केसानं गळा कापला तुझा!"

"तो वाईट आहे. म्हणून मी तुला वाईट प्रॉम्प्टर होऊ देऊ?"

"मी रोज चांगली असते. आज एक दिवस नव्हते. आणि परत तशी वेळ आली, तर परत करेन."

मामानं क्रीमच्या डबीचं झाकण लावलं. "तुझी विंग बंद," तो म्हणाला. दार वाजलं, निर्माते आत आले. तोंडभर साखर. लोकांचीच मागणी आहे, पुढच्या रविवारपासून शिंपी तूच कर, माझं तर आधीपासूनच...

"करतो," मामा म्हणाला. "जाहिरातीत शिंपी म्हणून माझं नाव ठळक छापा, लपवालपवी नको. आणि बापाचं काम त्याला द्या. तीन वाक्यं आहेत. पाठ करायला सांगा. विंगेत या वेळी आजोबा असतील, आणि त्यांची शिट्टी वाजते."

मी मामाकडे बघितलं. हा माझाच मामा!

पुढच्या रविवारी मी तिकीट काढून सातव्या रांगेत बसले. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला चष्मेकाका, हातात हातरुमाल चुरगळून. खुर्चीत पांढऱ्या केसांचा जबडा काठी धरून बसला होता. त्याचं पहिलं वाक्य आलं, विंगेतून बारीकशी शिट्टी ऐकू आली आणि सगळं थिएटर खुदकन हसलं. त्यानं मान खाली घातली. मी त्या मानेकडे पोटभर बघून घेतलं.

दुसऱ्या अंकात मामा पुढे आला. माझ्या मागच्या रांगेत दोन बायका कुजबुजायला लागल्या.

"अगं, हाच ना तो? तसला?"

माझे कान तापले. मी वळून काहीतरी सणसणीत सुनावणारच होते, तोंड उघडलंसुद्धा होतं.

"असेल गं," दुसरी वैतागून म्हणाली. "गप्प बस ना, तो काय बोलतोय ते ऐकू येत नाहीये."