सहा कड्या

शाळा निवडताना लोक निकाल बघतात, मैदान बघतात. मी शाळेची संडासं बघतो. मी प्लंबर आहे. शहरातल्या अकरा शाळांचे नळ माझ्या हाताखालून गेलेत. कुठल्या शाळेला मुलींची किती फिकीर आहे, हे मला मुख्याध्यापकांच्या भाषणापेक्षा तिथल्या फ्लशवरून जास्त कळतं. ही अक्कल माझ्याकडे पहिल्यापासून होती, वापरली मात्र उशिरा.

आमची भिंगरी बारा वर्षांची. जन्मापासून एका जागी बसली नाही म्हणून हे नाव. गेल्या वर्षभरात ती दोनदा तापाने फणफणली. लघवीला जळजळ, पोटात कळा. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "ही दिवसभर पाणी का पीत नाही?"

"पिते की," बायको म्हणाली. "शाळेत भरून नेलेली बाटली रोज रिकामी होते."

घरी आल्यावर भिंगरीने रडत रडत सांगितलं. बाटली रिकामी व्हायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीत. ते रोप कसं तरारलंय म्हणून बायको शेजारणींना कौतुकाने दाखवत होती! शाळेत पाणी प्यायलं की शाळेतच जावं लागणार, आणि तिथे दाराला आतून कडी नाही. मुलगे दार ढकलून पळतात. मैत्रिणीला पहाऱ्याला न्यावं, तर बाई भर वर्गात विचारतात, दोघींना एकदम कशी लागली?

बायकोचा पारा चढला. "कडी नाही? कुठल्या शहाण्याने काढली?"

तो शहाणा मीच होतो. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या ऑफिसातून हुकूम आला होता, मुली आत गप्पा ठोकत बसतात, कड्या काढून टाका. मी सहाच्या सहा काढल्या आणि स्क्रूसकट पिशवीत घालून हत्यारांच्या पेटीच्या तळाशी टाकल्या. पितळी माल, कुठेतरी कामाला येईल. आपली पोरगी याच शाळेत शिकते, हे डोक्यातच आलं नाही. कामावर असलो की मी फक्त प्लंबर असतो, हा माझा जुना रोग. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, पण बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

शाळा बदलायची, हे त्याच दिवशी ठरलं. कुठली, यावर आठवडाभर खल झाला. मी म्हणालो, टेकडीवरची ननांची मुलींची शाळा. तिथे मला वर्षाकाठी एकदा बोलावतात, तेही बागेच्या नळासाठी. मुलींच्या बाजूचं काम कोण करतं, देव जाणे. तेवढं बघायचं होतं.

मेहुणा फोनवर म्हणाला, "अहो भावोजी, कॅथलिक शाळा ती. उठता-बसता प्रार्थना."

बायकोने फोन ओढून घेतला. "प्रार्थनेने कोणाची मूत्रपिंडं बिघडल्याचं मी तरी ऐकलं नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही गेलो तेव्हा शाळा सुटली होती. मुख्याध्यापिका सिस्टर उंच, वयस्कर, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी ग्रंथालय दाखवलं, प्रयोगशाळा दाखवली, चॅपल दाखवलं. "प्रार्थनेच्या वेळी तुमची मुलगी नुसती शांत बसली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "आणखी काही बघायचंय?"

"संडास," मी म्हणालो.

बायकोने कोपर मारलं. सिस्टर मात्र हसल्या. "बावीस वर्षांत हे फक्त आयांनी विचारलं. तेही जाताजाता, हळूच."

प्रत्येक दाराला आतून कडी, दप्तर अडकवायला खुंटी, झाकणाचा डबा, बेसिनपाशी साबण. मी सवयीने एकेक कडी लावून पाहिली. "हे कोण सांभाळतं?"

सिस्टरांनी खिशातून आखूड स्क्रू ड्रायव्हर काढला. "मीच. माझे वडील सुतार होते."

मग त्यांनी भिंगरीला शेजारच्या वर्गाच्या दाराजवळचा खिळा दाखवला. त्यावर लाकडाची एक पट्टी टांगलेली होती. "जायचं असलं की ही घेऊन जायचं. आल्यावर परत लावायची. कोणाला विचारायचं नाही."

भिंगरीने पट्टीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तडक आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही तिघं खिडकीबाहेर बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ती हात धुऊन आली आणि माझ्यासमोर थांबली.

"बाबा, यांनी तुला ही पण काढायला सांगितली तर?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "तुला माहीत होतं?"

"तू काढत होतास तेव्हा मी हात धुवायला आले होते. तुला वाईट वाटेल म्हणून घरी नाही बोलले."

"नाही काढणार," मी म्हणालो. "इथली नाही आणि कुठलीच नाही. चुकलं माझं, बाळा."

सिस्टर तिला घेऊन पुढे चालू लागल्या. बायकोने माझ्याकडे फक्त पाहिलं. बोलली ती संध्याकाळी, आणि भरपूर बोलली. ते सगळं ऐकताना मला बरंच वाटलं. दोन वर्षांची चूक एकदाची उघड्यावर आली होती.

जुन्या शाळेत दाखला आणायला गेलो, तेव्हा मी पेटी बरोबर घेतली. बायको ऑफिसात सह्या करत होती. मी आणि भिंगरी मागच्या बाजूला गेलो. ती एकेक स्क्रू हातात देत गेली आणि मी कड्या बसवत गेलो. पाच झाल्यावर शिपाई आला. "कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या," भिंगरी म्हणाली.

शिपायाने इकडेतिकडे पाहिलं आणि तो आल्या वाटेने निघून गेला. मी सहावी बसवली.

नवी शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले असतील. संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, या रोपाला झालंय काय? मान टाकली की याने!"

मी धावत गेलो. कुंडीत बोट घातलं. रिकामी बाटली या घरात रोजच दिसायची, कोरडी माती पहिल्यांदाच दिसत होती. छातीवरचा दगड उतरला, आणि वेड्यासारखं हसू आलं.

"दोनदा भरून घेतली मी आज," भिंगरी बाहेरून म्हणाली.

मी तांब्या भरून आणला आणि रोपाला पाणी घातलं.