टाकीतला उपास

मी शेवाळाचा एक हिरवा ठिपका बोलतोय. शोधू नका, दिसणार नाही; सुईच्या टोकावर माझी अर्धी भावकी मावते. माझा जन्म तलासरीकडच्या एका पाड्यावर, म्हशीच्या खुरात साचलेल्या पाण्यात झाला. आईबाप विचारू नका. आमच्यात एकाचे दोन होतात आणि थोरला कोण यावर भांडण नसतं.

तिथून मला निलमने बाटलीत भरलं. ती दूर बंगळुरूला शिकून, तिथली नोकरी सोडून पाड्यावर परत आलेली. ‘शेवाळाच्या तेलावर पाणी उपसायचं इंजिन चालवीन’ असं सांगत फिरायची. लोक माना डोलवायचे आणि ती पुढे गेली की हसायचे. झिपरूकाकांनी मात्र तिला अंगणातली सिमेंटची टाकी दिली, तीही अटीवर.

“वीस दिवसांनी यात मासळीचं बी सोडायचंय. तोवर तेल दाखव. नाहीतर तुझं हिरवं पाणी माझ्या वांग्यांना.”

निलमने नत्र, स्फुरद, चिमूटभर लोह असं मोजूनमापून पाण्यात घातलं. आठवडाभर आम्ही खाल्लं आणि वाढलो. मग तिने नत्र बंद केलं. आमचा स्वभावच तसा आहे. भरल्या पोटी आम्ही नुसती प्रजा वाढवतो. नत्र संपलं की वाढ थांबते, आणि उन्हाची सगळी कमाई आम्ही तेल करून पोटात साठवतो.

पण उपास काही सुरू होईना. कारण निलम अंघोळीला गेली की झिपरूकाकांची बायको हिरूकाकी यायची, इकडेतिकडे बघायची आणि भातासाठी ठेवलेल्या युरियातली, म्हणजे नत्राचीच, मूठ टाकीत सोडायची.

“खा रे बाबांनो. पोरगी शिकली, पण उपाशी जीव कळत नाही तिला.”

मला वाचा असती तरी मी गप्पच बसलो असतो. वाढलेलं ताट कोण परत करतं?

निलम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आमच्या पोटात तेलाचे चकाकते थेंब शोधायची. आम्ही आपले हिरवेगार. अकराव्या दिवशी तिने बंगळुरूच्या जुन्या साहेबांना फोन लावला, जागा अजून रिकामी आहे का म्हणून.

ते ऐकून काकीच्या हातातलं सूप खाली आलं.

“जाऊ नको गं. मीच घालत होते यांना खायला, रोज. मरतील म्हणून.”

निलमने फोन ठेवला. मग काकीजवळ बसली.

“काकी, तू मे महिन्यात सुके बोंबील का भरून ठेवतेस?”

“पावसाळ्यात होड्या बंद. मग खायचं काय, तुझी पुस्तकं?”

“आणि बारा महिने ताजी मासळी दारात आली असती तर?”

“तर कोण कशाला वाळवत...” काकी थांबली. टाकीकडे बघितलं. “म्हणजे यांना पावसाळा दाखवायचा म्हणतेस.”

त्याच दिवशी निलमने आम्हाला तळाशी बसू दिलं, वरचं खताचं पाणी वांग्यांना घातलं आणि विहिरीचं कोरं पाणी भरलं. काकी स्वतः राखणीला. पाचव्या दिवशी आम्ही पिवळसर पडलो, पण पोटात थेंब चकाकायला लागले. निम्मे भाऊबंद वाळवून निलम डहाणूच्या एका प्रयोगशाळेत गेली आणि तेलाची बोटभर बाटली घेऊन विसाव्या दिवशी परतली.

झिपरूकाकांनी बाटली हुंगली. “वास तर मासळीचाच येतोय.” पणतीत वात घातली. काकीच्या दोन भाकऱ्या होईपर्यंत ती जळली.

“आणि इंजिन?”

“त्याला खूप टाक्या लागतील, काका.”

“मग ही तरी राहू दे,” म्हणत काकांनी मासळीच्या बियाणासाठी मागच्या बाजूला खड्डा खणायला घेतला.

मी उरलेल्या निम्म्यांत आहे. निलमही आहे. आताही सकाळी हिरूकाकी मूठ मिटून येते आणि विचारते, “पोरी, आज जेवण का उपास?” जेवण म्हटलं की मूठ उघडते. उपास म्हटलं की मूठ तशीच परत जाते, आणि त्या दिवशी काकी स्वतःचा चहाही पीत नाही.

तिला कुणीतरी सांगा हो, आमचं उन्हावर भागतं.